रडण्याचं अंतर

फुलेवाडीच्या जकात नाक्यावर रोज सकाळी आपल्यावर पैज लागते, हे विमलाला कळलं ते धुक्यामुळं. रंकाळ्यावरून उठलेलं धुकं रस्त्यावर येऊन बसलं होतं, आणि नाक्याच्या बाकावरच्या माणसांना नुसती तिची पावलं ऐकू येत होती; ती दिसायच्या आधी त्यांचं बोलणं तिच्या कानावर आलं. "आल्या बघ बाई. आता खांबापाशी फिरत्यात." "आज न्हाय फिरायच्या. लई रेटून येत्यात आज." "फिरल्या तर चा तुझ्याकडनं." मग धुक्यातून ती त्यांच्या समोरच निघाली. चहाच्या गाड्यावरचा केरबा कप विसळता विसळता थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "ताई, नाक्याला शिवून तरी जावा की. पळणाऱ्या माणसावर जकात न्हाय." सगळे हसले. ते हसणं वाईट नव्हतं. तालमीतून पळत येणाऱ्या पोरांनाही ते असंच काहीतरी बोलत, आणि पोरं उलट बोलत. विमलालाही हसून एखादा शब्द टाकता आला असता. पण केरबाचं बोलणं संपायच्या आत तिची पावलं नाक्याच्या अलीकडच्या त्याच खांबापाशी माघारी वळली होती, आणि पाठीमागं कुणीतरी म्हणालं, "काढ चा."

घरी येईतो तिचे कान तापलेले होते. आपण रोज त्याच खांबापाशी वळतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ती एक खाजगी गोष्ट आहे, उशीखाली हात घालून झोपण्यासारखी, असं तिला वाटत होतं. ती खांबापाशी वळायची कारण खांबापाशी अनघा, तिची लेक, रडायला लागायची. म्हणजे अनघा घरी असायची, रंकाळावेशीतल्या माडीवर, सासूबाईंच्या, माईंच्या शेजारी, गोधडीत. आणि तरी रंकाळा मागं पडला, श्वास लयीत आला, पायांखालचा डांबरी रस्ता आपोआप मागं सरकायला लागला, की डाव्या कानाच्या जरा मागं ते रडणं सुरू व्हायचं. आधी कुरकुर, मग हुंदका, मग टाहो. ते जवळ येत नसे आणि लांबही जात नसे. ती जोरात पळाली तर तेही तिच्याबरोबर पळे. आणि त्या रडण्यासरशी तिची छाती भरून यायची, पंजाबी ड्रेसच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पडायचे, ओढणी घट्ट लपेटून ती वळायची आणि आली त्याच्या दुप्पट वेगानं घर गाठायची. जिना चढून वर यावं तर अनघा भिंतीकडं तोंड करून निजलेली. तिच्या नाकाशी बोट धरून विमला श्वास बघायची आणि मगच बूट काढायची.

नवऱ्याला, त्र्यंबकला, तिनं हे एकदा सांगितलं होतं. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, आणि विमला विद्यापीठाच्या स्पर्धांत पळत असे याचा तिच्यापेक्षा त्यालाच जास्त अभिमान होता. पाहुणे आले की तिचं पदक तोच कपाटातून काढून दाखवी. बाळंतपणानंतर ती तासन्‌तास खिडकीशी बसून राहायला लागली, भाजी चिरता चिरता विळीवर थबकायला लागली, तेव्हा "तू पुन्हा पळायला लाग" असं त्यानंच सुचवलं. माई म्हणाल्या होत्या, "पळू दे. पण लोक उठायच्या आत पळ म्हणावं, म्हणजे मला उत्तरं द्यायला नकोत." रडण्याचं ऐकल्यावर त्र्यंबक हसला नाही, एवढं खरं. चष्मा पुसत म्हणाला, "मनाचा खेळ आहे. थांबू नकोस, पुढं जात राहा. ऐकणारं कुणी नाही असं दिसलं की आपोआप बंद पडेल." प्रयोगशाळेतल्या मुलांना सांगावं तसं त्यानं सांगितलं, आणि ते बरोबरच असावं असं तिला वाटलं. फक्त तिला ते जमलं नाही. एकच गोष्ट तिला कुणाला विचारता आली नव्हती, ती म्हणजे आपण गेल्यावर अनघा खरंच रडते का. माईंना विचारायचं आणि त्या हो म्हणाल्या तर मग पळणं संपलं. आणि पळणं संपलं की पुन्हा ती खिडकी होतीच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरची बाकं दिसायला लागली तशी ती डावीकडं उतरली. नाक्याच्या अलीकडं, उसाच्या दोन फडांमधून एक गाडीवाट आत जात होती. ती वाट कुठं जाते हे तिला माहीत नव्हतं. माणसांसमोर वळायचं नाही एवढंच मनात होतं. पहिल्याच खड्ड्यात तिचा पाय मुरगळता मुरगळता राहिला. बैलगाडीच्या चाकांनी दोन बाजूंना चर पडले होते, मधे उंचवटा, उंचवट्यावर वाळलेलं गवत, चरांत रात्रीच्या दवानं मऊ झालेली काळी माती. रस्त्यावर पाऊल आपलं आपण पडे. इथं प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागत होतं. दगड, शेण, उसाचं वाळलेलं पाचट, घुशीचं बीळ. पुढं ओढा लागला, त्यात टाकलेल्या धोंड्यांवरून ती पलीकडं गेली, आणि मग वाट बांधावर चढली, बांधावरून मुरमाड माळावर, माळावरून एका टेकाडाच्या कुशीला. तिचे डोळे जमिनीला खिळलेले होते, घोटे आत-बाहेर लवत होते, पोटऱ्यांना कुठलीतरी फार जुनी गोष्ट आठवल्यासारखं झालं होतं. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड करपट वास आला. टेकाडाच्या वळणावर ती धापा टाकत थांबली तेव्हा खाली धुरकट कोल्हापूर दिसत होतं, आणि ते कुणा दुसऱ्याचं गाव असावं तसं ती बघत राहिली.

मग तिच्या लक्षात आलं की आज कुणी रडलं नाही. ओढणी कोरडी होती. त्याहून वाईट गोष्ट परत येताना, रंकाळ्याच्या कठड्याशी, लक्षात आली: गाडीवाटेला लागल्यापासून या क्षणापर्यंत अनघा नव्हतीच. आठवण आली नाही असं नव्हे, नव्हतीच, जन्मली नसल्यासारखी. लग्न नव्हतं, माडी नव्हती, नुसते पाय होते आणि पायांपुढची हातभर जमीन. विमला कठड्याला धरून उभी राहिली. पाण्यावर शेवाळाची साय होती, पलीकडं कुणी म्हशी धूत होतं. आपल्याला किती बरं वाटतंय, हे तिला त्याच वेळी कळलं आणि त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

तिची आई पोहणारी होती. कृष्णाकाठची. विमला चारेक वर्षांची असताना नृसिंहवाडीला गेल्या होत्या दोघी. पौर्णिमा नव्हती, घाट मोकळा होता. आईनं तिला पायरीवर, सुक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं, "इथंच हं" म्हणाली, आणि पाण्यात उतरली. एक बुडी, दुसरी बुडी, आणि मग आई पोहायलाच लागली. लुगड्याचा काचा मारलेला, अंबाडा पाण्यावर, आणि तो अंबाडा संथपणे लांब लांब चाललेला. आई एकदाही वळली नाही. विमला आधी बघत बसली, मग रडायला लागली, मग एका म्हातारीनं तिला उचलून घेतलं आणि पायऱ्यांवर फिरत ती विचारायला लागली, "कुणाची पोर ही? कुणाची ग बाई?" फार वेळानं आई बाहेर आली. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं, तोंड कधी नव्हे असं उजळलं होतं, आणि म्हातारी विचारत असताना ती विमलाकडं बघत होती, जशी आपण रस्त्यात दुसऱ्याच्या मुलाकडं बघतो, कौतुकानं. फक्त क्षणभर. मग चेहऱ्यावर काहीतरी झाकण पडल्यासारखं झालं आणि आईनं हात पुढं केले. पुढं कितीतरी वर्षं विमलानं आईला त्याबद्दल विचारायचं ठरवलं होतं. आई गेली तेव्हा विमला बी.ए.च्या परीक्षेला बसली होती, आणि मग विचारायला कुणी उरलं नाही. आता कठड्याशी उभ्या उभ्या तिनं आपल्याच गालांवरून हात फिरवला. तेही उजळलेले असणार. या तोंडानं माडीवर जायचं कसं?

आणि तरी ती दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशीही. नाक्यावरच्यांना ती आता दिसेनाशी झाली. डांबरी रस्ता तिला नकोसा झाला. त्याच्यावरचा एवढासा भाग, घरापासून गाडीवाटेपर्यंतचा, ती कान दाबल्यासारखी पार करायची. गाडीवाटेला लागली की खांद्यावरून काहीतरी उतरायचं. तिला वाट पाठ व्हायला लागली, आणि पाठ झाली की मन मोकळं होईल आणि रडणं परत येईल, म्हणून ती वाट बदलायची, आज ओढ्याच्या वरच्या अंगानं, उद्या टेकाडाला पलीकडून. सलवारीला कुसळं चिकटायची. खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट तांबडे-काळे झाले. माई न्हाणीच्या दारात ते बूट दोन बोटांत धरून उभ्या राहिल्या. "डांबरावर तांबडी माती कधीपासून लागायला लागली?" "रस्त्यावर ट्रक फार असतात हो, माई. उसाचे. म्हणून शेतातनं जाते." "शेतात काय, देव बसलाय?" "कुणीच नसतं." "तेच म्हणते मी," माई म्हणाल्या आणि बूट उन्हात ठेवायला गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या. पण दिवसभर विमलाला वाटत राहिलं की माई आपल्या तोंडाकडं बघताहेत. अनघाला मांडीवर घेतलं की ती नको इतकं तिला कुरवाळायची, पापे घ्यायची, आणि पोर अंग आक्रसून घ्यायची. वर्ष सरत आलं होतं तिचं. चार दात आले होते. रडायची फार कमी. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस.

माघ लागला असेल तेव्हाची गोष्ट. धुकं सरलं होतं आणि सकाळ काचेसारखी लख्ख होती. विमला ओढा ओलांडून टेकाडाच्या खालच्या अंगानं, उभ्या उसाच्या कडेकडेनं चालली होती, पाय चांगले पडत होते, आणि मधेच ते सुरू झालं. आधी कुरकुर, मग हुंदका. इथंही? इथंही ते येऊन पोचलं? त्र्यंबकचं बोलणं आठवून तिनं दात आवळले आणि वेग वाढवला. थांबायचं नाही. ऐकणारं कुणी नाही असं दिसू द्यायचं. छाती भरून आली, कपडे भिजले, तरी ती थांबली नाही. पाचटावरून घसरली, सावरली, पुढं गेली. टाहो सुरू झाला. आणि मग तो बारीक व्हायला लागला. ती आणखी पुढं गेली, तो आणखी बारीक झाला. ती पळत होती आणि रडणं मागं राहत होतं, एका जागी, तिच्या उजव्या हाताला, मागं. दहा-वीस ढांगांनंतर हे तिच्या डोक्यात शिरलं आणि तिचे पाय उभ्या जागी रुतले. तिच्या कानातलं रडणं कधी मागं राहत नसे. मागं राहतं ते खरं असतं.

बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याच्या धडप्याची झोळी बांधलेली होती. झोळी हिसके देत होती. आत काळंसावळं, टोपरं घातलेलं, पाचेक महिन्यांचं पोर होतं, मुठी आवळलेल्या, तोंड रडून रडून जांभळं. झोळीच्या दोरीवरून मुंगळ्यांची एक रांग उतरत होती. आसपास कुणी नव्हतं. ऊस नुसता सळसळत होता. "अहो," विमलानं हाक मारली, "कुणी आहे का?" तिचा आवाज पळण्यानं इतका बसला होता की तो तिलाच धड ऐकू आला नाही. तिनं पोर उचललं. ते तिच्या ओल्या छातीशी तोंड घासायला लागलं, आणि मग विचार करायला काही उरलंच नाही. ती बाभळीला पाठ लावून खाली बसली. पोर अनघापेक्षा जोरात ओढत होतं. एकाएकी सगळीकडं शांत झालं. पाचटातून एक होला भुर्रकन्‌ उडाला. पोराच्या कानामागं काजळाचा टिक्का होता, अंगाला धुराचा आणि तेलाचा वास येत होता. विमलाला गुंगी आली. आपण कुणाच्या पोराला पाजतो आहोत, आपण कोण आहोत, हे सगळं फार लांब होतं. आणि तिला आत कुठंतरी हेही जाणवलं की अनघाला पाजताना इतकी शांत ती कधीच नसते.

ऊस कडाकड मोडत कुणीतरी येत होतं. वाट नव्हती तिथून, आडवंतिडवं. पानं बाजूला झाली आणि एक बाई बाहेर पडली, हातात कोयता, तोंड उसाच्या पात्यांनी ओरखडलेलं, डोळे रिकाम्या झोळीवर. मग ते विमलावर आले. "ए बाई. ठेव खाली त्याला. ठेव म्हंते न्हवं."

"रडत होता तो," विमला उठत म्हणाली. "मी हाक मारली. मुंगळे होते दोरीवर. म्हणून मी..."

"रडू दे की. रडायसाठीच बांधलाय त्याला हितं." बाईनं कोयता फेकला आणि पोर ओढून घेतलं, हात-पाय चाचपले, टोपरं मागं सारून टाळू बघितली. "फडात असलं की माजा एक कान हिकडं असतोय. रडतंय म्हंजे हाय जाग्याव. तोडत ऱ्हायचं. गप झालं, तवा जीव गेला माजा. धोंडुबाईचं पोर असंच गप झालतं गेल्या साली." धोंडुबाईच्या पोराचं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. पोरानं दुधाची एक गुळणी तिच्या खांद्यावर टाकली. तिनं बोटानं ती पुसली, बोटाकडं बघितलं, मग विमलाच्या ओढणीकडं, बुटांकडं, पुन्हा तोंडाकडं. "पाजलासा व्हय?"

"हो."

"बामनाच्या दिसतासा."

"हो."

"मंग आता साळा शिकंल म्हनायचं आमचं बेनं," बाई म्हणाली आणि एकदम हसली, पण हसता हसताच तिला रडू फुटलं, आणि ती बांधावर बसून पदरानं तोंड पुसायला लागली. तिचं नाव तानाबाई. गुऱ्हाळावर ऊस द्यायचा होता, नवरा तिकडं घाण्यावर, सासू आजऱ्याला लेकीकडं. हे सगळं तिनं न विचारता, नाक ओढत, भांडल्यासारखं सांगितलं. मग म्हणाली, "तुमचं न्हाय व्हय लेकरू? आसंल की. दूध हाय म्हंजे."

"आहे. मुलगी. घरी असते, सासूबाईंपाशी."

"आनि तुमी हितं पळतासा."

"हो."

"रडत न्हाय?"

विमला काय बोलणार होती कुणास ठाऊक. "मला ऐकू येत नाही इथं," ती म्हणाली. "रस्त्यावर येतं. इथं येत नाही." हे वाक्य मोठ्यानं म्हटल्यावर ते किती भयंकर आहे ते तिला कळलं, आणि समोरची बाई आता कोयता उचलेल असंही तिला वाटलं. पण तानाबाईनं कोयत्याकडं बघितलंही नाही. "खुळ्या का काय वो? हितनं घरचं कसं ऐकू यील?" असं म्हणून तिनं झोळीची दोरी झटकली, मुंगळे चिरडले, पोराला आत घातलं. ते पोट भरल्यानं निजायला लागलं होतं. तानाबाईनं त्याला एक चिमटा काढला. पोरानं भोकाड पसरलं. ती कोयता घेऊन उसात शिरली, आणि थोड्या वेळानं आतून तोडण्याचा आवाज यायला लागला.

विमला घरी आली ती चालत. अनघा भिंतीकडं तोंड करून निजलेली होती. विमलानं तिला जवळ घेतलं, पण एका बाजूला दूध कमी होतं; अनघानं ओढून बघितलं, सोडलं, आणि वर तिच्याकडं पाहिलं. कुरकुर नाही, हट्ट नाही. माई खाली बसून तांदूळ निवडत होत्या. त्र्यंबक कॉलेजला गेला होता. विमलाला वाटलं, आता नाही विचारलं तर पुन्हा कधीच विचारता यायचं नाही.

"माई, मी गेल्यावर ही रडते का हो?"

"रडते कसली." माईंनी एक खडा बाजूला टाकला. "तू दार ओढून घेतलंस की उठते. अंथरुणातच बसते, दाराकडं तोंड करून. हूं नाही की चूं नाही. मी थोपटायला गेले तरी बघत नाही माझ्याकडं. जिन्यात तुझी पावलं वाजली की आडवी होते पुन्हा."

"रोज?"

"रोजच. पहिल्यापासून. गुणी आहे हो पोर, म्हटलं बरंय."

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"तू विचारलंस कधी?" माई म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या.

त्या दिवशी विमलानं स्वयंपाक केला, धुणं केलं, दोनदा दूध उतू घालवलं. ती सारखी अनघाकडं बघत होती. अनघा डब्यांशी खेळत होती, एकात एक घालत होती, काढत होती, अगदी आवाज न करता. इतक्या सगळ्या सकाळी ते पोर त्या दाराकडं तोंड करून बसलं होतं आणि त्याचा एक शब्द कुठं फुटला नव्हता. मग खांबापाशी जे रडत होतं ते कोण होतं? विमलानं डबा उचलून मुद्दाम जमिनीवर आपटला. अनघा दचकली, आईकडं बघितलं, आणि पुन्हा खेळायला लागली.

सकाळी उठून तिनं बूट चढवले. ती रोज चवड्यांवर चालत दाराशी जाई, कडी उचलून धरून काढी. आज ती अंथरुणाशी येऊन बसली आणि अनघाच्या खांद्याला धरून तिला हलवलं. पोर झोपेतून वर येईना. विमलानं तिला उठवून बसवलं, तिचा चेहरा आपल्याकडं केला. "अनू. मी चालले," ती म्हणाली. "ऐकलंस? मी चालले." कुशीवर वळत माई म्हणाल्या, "अग, कशाला उठवतेस झोपल्या पोराला? वेड लागलं का?" अनघा बघत होती. विमला उठली, पाठ न फिरवता दारापर्यंत गेली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. पोराचा खालचा ओठ किंचित पुढं आला, थांबला. विमला थांबली. तिला वाटलं की आता ती परत आत जाईल, बूट काढील, आणि सगळं संपेल. मग अनघाचं तोंड उघडलं, आणि कितीतरी वेळ त्यातून आवाजच आला नाही, आणि मग आला.

विमला जिना उतरली. माई आतून काहीतरी बोलत होत्या, समोरच्या घरातली खिडकी उघडली, त्र्यंबकनं झोपेत तिचं नाव घेतलं. ती रस्त्याला लागली, आणि रडणं मागं होतं, वर, माडीवर, तिथंच, जाग्यावर. ती चालत होती, मग पळायला लागली, आणि ते बारीक होत गेलं, व्हायला हवं तसं. रंकाळ्याच्या वळणावर ते येईनासं झालं. अनघा गप झाली, की आपल्याला ऐकू येत नाही, हे तिला इथून समजण्याजोगं नव्हतं. तिचे पाय पळतच होते, पण मान मागं वळलेली होती, आणि समोरचा रस्ता तिला दिसत नव्हता.